सुरैय्याच्या खोलीतला ब्लोअर

आत्माराम धुरी मशीन उघडण्याआधी ऐकत असे. अमिरातीतल्या उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात त्याचं एसी-फ्रीज दुरुस्तीचं दोन शटरचं दुकान होतं. गिऱ्हाईक तक्रार सांगायला लागलं की तो हात वर करून त्याला थांबवायचा. "तुम्ही नका सांगू. तिला सांगू दे." ती म्हणजे मशीन. मग स्क्रू ड्रायव्हरचं टोक पत्र्यावर टेकवायचं, मुठीला कान लावायचा आणि डोळे मिटायचे. मिनिटभरानं उठून तो बेअरिंग गेलंय, गॅस कमी आहे, काय असेल ते सांगायचा. दहातल्या नऊ वेळा तेच निघायचं.

कुडाळजवळच्या एका वाडीतला हा माणूस. रत्नागिरीच्या आयटीआयमधून रेफ्रिजरेशन शिकला आणि एक्याऐंशी साली इथल्या मासळीच्या बर्फाच्या कारखान्यात लागला. बायको संध्या आणि दोन मुली गावी. दर दोन वर्षांनी दोन महिने घरी, बाकीचे बावीस महिने दुकानामागच्या खोलीत. बोलायला मोकळा, पण वायफळ नाही. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की उठून चहा टाकायचा. बर्फाच्या कारखान्यात आठ वर्षं काढली होती. तिथे वाफेतून रोज माणसं अर्धीच दिसतात, पाइप कण्हतात, दारं आपोआप लागतात. त्याचं काही वाटून घ्यायचं नाही, हे तो कधीच शिकला होता.

अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत हेमचंद्र लिमयांचा फोन आला. लिमये पुण्याचे, एका पेंटच्या फॅक्टरीत प्रॉडक्शन मॅनेजर. ऑक्टोबरमध्ये त्यांनी जुन्या गावात, खोराच्या म्हणजे खाडीच्या काठी, एक व्हिला भाड्यानं घेतला होता.

"धुरी, एक विचित्र प्रॉब्लेम आहे. ब्लोअर बंद होत नाहीये."

"थर्मोस्टॅट चिकटला असेल, साहेब."

"थर्मोस्टॅट भिंतीवरून काढून ठेवलाय. डिसेंबरपासून चालूय. आणि मेन ऑफ केला तरी चालूच."

आत्माराम हसला. "मेन ऑफ केल्यावर चालणारा ब्लोअर मी सतरा वर्षांत बघितला नाही."

"मग येऊन बघा," लिमये म्हणाले. ते हसले नाहीत. "अजमानहून एक मेकॅनिक आला होता. अर्ध्या तासात टूल्स गोळा करून गेला. म्हणाला, इस घर में कुछ है. व्हिजिटचे पैसेही घेतले नाहीत त्यानं."

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं. त्या किनाऱ्यावर जानेवारीत पडतं तसं, समुद्रावरून सरकत येऊन गल्ल्यांत बसून राहिलेलं. व्हॅनचे दिवे लावूनही आत्मारामला पुढचं दहा पावलांपलीकडे दिसत नव्हतं. मशिदीचा मनोरा निम्म्यातच संपला होता. लिमयांचं घर सापडलं ते आवाजावरून. बंद काचांतून घुमत बाहेर येणारा तो आवाज त्यानं गल्लीच्या तोंडाशीच ओळखला. जुना पट्ट्याचा ब्लोअर. पट्टा सैल झालेला, त्यामुळे आवाज एकसारखा नव्हता. चढायचा, जरा अडायचा, मग उतरायचा. दारापाशी उभा राहून त्यानं सवयीनं डोळे मिटले आणि लगेच उघडले. डोळे मिटल्यावर तो आवाज मोटरचा वाटेना.

व्हिला जुळा होता. एकाच वेळी बांधलेली दोन घरं, मधली भिंत एक. डावीकडे लिमये राहत होते. उजवीकडचं घर बंद दिसत होतं, खिडक्यांना लाकडी झडपा लावलेल्या.

प्रमिला लिमयांनी दार उघडलं. अंगावर स्वेटर, त्यावर शाल. "या, धुरीभाऊ. साहेब फॅक्टरीत गेलेत. तुम्हाला जे करायचं ते करा, पण हे थांबवा."

घरात बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी होती. कॉम्प्रेसर बंदच होता, नुसती हवा फिरत होती, पण चाळीस दिवस रात्रंदिवस फिरलेल्या हवेनं भिंती गार पडल्या होत्या. प्रत्येक जाळीवर प्रमिलानं टॉवेल नाहीतर चादर चिकटपट्टीनं लावली होती. ब्लोअरचा आवाज चढला की ती कापडं फुगायची, उतरला की जाळीला चिकटायची. छताजवळ रांगेनं पोटं हलत असावीत तसं दिसत होतं. त्यांच्या मुलीनं, नऊ वर्षांच्या ईश्वरीनं, आपली गादी हॉलमध्ये आणून टाकली होती.

"मागच्या खोलीत झोपत नाही ती. विचारलं की म्हणते, देअर्स समवन इन द एसी. एवढंच."

आत्माराम कामाला लागला. थर्मोस्टॅटच्या दोन वायरी भिंतीतून लोंबत होत्या. त्या त्यानं वेगळ्या करून टेप लावली. ब्लोअर चालू. रिले काढून हातात घेतला, साफ होता. ब्लोअर चालू. मग डीबी, म्हणजे स्विचांची पेटी, उघडून एसीचे सर्किट ब्रेकर एकेक पाडले आणि शेवटी मेन पाडला. फ्रीज थांबला, हॉलमधली ट्यूब विझली, गिझरचा लाल दिवा गेला. धुक्यामुळे घरात संध्याकाळ झाल्यासारखं झालं. त्या काळोखात वर छताआड ब्लोअर तसाच चालला होता. चढत होता, अडत होता, उतरत होता.

आत्मारामला आतून गार वाटलं ते तेव्हा. तो हातात टेस्टर घेऊन कितीतरी वेळ वर बघत उभा राहिला.

"आहे ना मी म्हणते तसं?" प्रमिला मागून हळूच म्हणाली.

"कुठून तरी लाइन येतेय, वहिनी. दुसरं काही नाही," तो म्हणाला. आपला आवाज आपल्यालाच पटावा म्हणून त्यानं ते जरा मोठ्यानं म्हटलं.

बाथरूमच्या छतातल्या झडपेतून त्यानं वर डोकं घातलं. मोटरची वायर तिथंच तोडली असती तर काम पाच मिनिटांत संपलं असतं. पण मेन बंद असलेल्या घरात एक जिवंत वायर कुठून तरी येतेय आणि आपण तिचं टोक लोंबतं सोडून जायचं, हे त्याच्या स्वभावात नव्हतं. पुढच्या कुठल्या तरी कारागिराचा त्यात जीव गेला असता. बॅटरीच्या उजेडात त्याला दिसलं की मोटरकडून एक जाड जुनी केबल छताआडून मधल्या भिंतीकडे गेली आहे. तिथवर सरपटत जावं लागणार होतं. मोठी बॅटरी आणि गुडघ्याला बांधायच्या पट्ट्या दुकानात होत्या. दुपारी परत येतो म्हणून तो खाली उतरला.

प्रमिलानं त्याला जेवूनच जायला सांगितलं. वरण-भात वाढून ती समोर बसली आणि मग, ताटाकडे बघतच, बोलली.

"एक सांगू का? साहेबांना सांगितलं नाहीये. त्यांना वाटेल घरात एकटी बसून डोक्यावर परिणाम झाला." तिनं आणखी भात वाढला. "चारच्या सुमाराला जाळीतून लोबानचा वास येतो. रोज. आणि मागच्या खोलीत बाई बोलते."

"शेजारी कोणी असेल."

"शेजारी मी कधी माणूस बघितलं नाही. आणि धुरीभाऊ, ती मराठी बोलते."

आत्मारामचा घास हातातच राहिला.

"आमच्यासारखी नाही, कोकणातली वाटते. पहिल्या दिवशी मी कपडे घड्या करत होते. वरून आवाज आला, जेवलीस काय गो? मी इतक्या सहज 'हो' म्हटलं. मग लक्षात आलं की घरात मी एकटी आहे."

दुपारी तो परतला तेव्हा धुकं उठलं होतं आणि ऊन फिकट पडलं होतं. मेन अजून बंदच होता. प्रमिलाशी त्यानं खूण ठरवली: डक्टच्या पत्र्यावर पान्यानं तीन ठोके दिले की तिनं मेन चालू करायचा. मग तो वर चढला आणि कोपरांवर पुढे सरकू लागला. ब्लोअरच्या बाजूनं जाताना कानात दुसरं काही शिरत नव्हतं. धुळीचा थर बोटभर होता, त्यावर कुणाचाही माग नव्हता, उंदराचासुद्धा.

मधल्या भिंतीला एक लोखंडी पेटी बसवलेली होती. झाकणाचे स्क्रू गंजले होते. ते काढल्यावर आत त्याला एक जुना काँटॅक्टर, म्हणजे विजेवर आपोआप उघडझाप करणारा मोठा स्विच, दिसला आणि सगळा प्रकार त्याच्या ध्यानात आला. कुणीतरी हुशार माणसानं केलेली सोय होती ती. काँटॅक्टरच्या कॉइलला या घराची लाइन दिलेली. या घरात वीज आहे तोवर कॉइल पट्टी ओढून धरणार आणि ब्लोअर नेहमीसारखा थर्मोस्टॅटवर चालणार. इथली वीज गेली की कॉइल पट्टी सोडणार आणि ब्लोअरला शेजारच्या घरातून थेट वीज मिळणार. म्हणजे काही झालं तरी या घरातली हवा थांबू नये.

आता पट्टी सुटलेली होती. मेन बंद असल्यामुळे ती सुटलेलीच असणार, पण मग चाळीस दिवस, मेन चालू असतानाही, का सुटलेली राहिली? त्यानं मागे हात लांब करून तीन ठोके दिले. मागे झडपेतून ट्यूबचा उजेड लुकलुकत वर आला. कॉइलच्या टोकाला टेस्टर लावला, टेस्टर पेटला. वीज पोचत होती, आणि तरी पट्टी जागची हलली नव्हती. कॉइल जळली, असं म्हणून त्यानं खात्री करायला मीटर काढण्यासाठी खिशात हात घातला.

तेव्हा त्याला लोबानचा वास आला.

पेटीच्या वर, भिंतीत, दोन विटांएवढं भोक होतं आणि पलीकडच्या बाजूनं त्याला जाळी बसवलेली होती. त्यातून उजेडाची पट्टी येत होती. आत्मारामनं बॅटरी विझवून मान वर केली. खाली एक खोली दिसली. उंच पलंग, जमिनीवर धुपाटणं, त्यातून सरळ वर येणारा धूर. पलंगावर एक म्हातारी बसली होती. केस मेंदीनं लाल, खांद्यावर काळी ओढणी. तिचं तोंड जाळीकडेच होतं आणि डोळ्यांवर दुधासारखे मोतीबिंदू होते. ती बरोबर त्याच्याकडे बघत होती.

"आलीस गो?" म्हातारी म्हणाली.

आत्मारामनं विझवलेली बॅटरी छातीशी धरली.

"आज दम लागलाय तुला. किती येळा सांगितला, धुरात बसू नको."

ब्लोअर त्याच्या पायाशी घुमत होता. त्या आवाजात त्याचा श्वास त्याला स्वतःलासुद्धा ऐकू येत नव्हता. तरीही त्यानं तो रोखून धरला.

म्हातारीनं मान एका बाजूला कलती केली. थोडा वेळ ती तशीच ऐकत राहिली. मग अगदी मायेनं म्हणाली, "कोंडू नको. सोड."

तो उलटा कसा सरकला, झडपेतून खाली कसा उतरला, ते त्याला नंतर नीट आठवत नसे. दोन्ही कोपरं सोलवटली होती. प्रमिला बाथरूमच्या दाराशी उभी होती. तिनंही जाळीतून ऐकलं होतं. तिनं काही न विचारता त्याला पाण्याचा तांब्या दिला.

"माणूस आहे, वहिनी," तो म्हणाला. "जिवंत माणूस आहे. शेजारी."

पाणी पिऊन तो उजवीकडच्या घराशी गेला. मागच्या दाराला बेल होती. बऱ्याच वेळानं पन्नाशीच्या एका पठाणी वेशातल्या माणसानं दार उघडलं. मुश्ताक त्याचं नाव, मुलतानचा, या घरात वीस वर्षं ड्रायव्हर, स्वयंपाकी, चौकीदार सगळं तोच. आत्मारामनं ब्लोअरचं नाव काढताच त्यानं दार ओढून घेतलं आणि तो बाहेर पायरीवर आला.

त्यानं सांगितलं ते असं. दोन सख्खे भाऊ होते, लाकडी जहाजांवरून मुंबई आणि कोकणच्या बंदरांत व्यापार करणारे. बाणकोटच्या खाडीत त्यांनी दोन सख्ख्या बहिणींशी लग्न केलं आणि त्यांना इथे आणलं. थोरली झुबेदा इकडच्या घरात, धाकटी सुरैय्या पलीकडच्या. सुरैय्याला दमा होता. उन्हाळ्यात हवा थांबली की ती निळी पडायची. दोन घरांच्या लाइनी वेगवेगळ्या, एकीकडची गेली तरी दुसरीकडची बहुतेक राहायची, म्हणून थोरल्या भावानं भिंतीतून केबल टाकून घेतली होती. दोघी बहिणींना एकमेकींशी बोलता यावं म्हणून ते भोकही ठेवलं होतं. पुढे दोघे भाऊ गेले. ब्याण्णव साली सुरैय्याही गेली आणि ते घर भाड्यानं दिलं जाऊ लागलं. झुबेदाचे मुलगे अबूधाबीत होते. ती म्हातारी हलायला तयार नव्हती.

"छे साल बीबी ने उस दीवार की तरफ़ देखा तक नहीं," मुश्ताक म्हणाला. "दिसंबर में पंखा चालू हुआ, तब से रोज़ अस्र की नमाज़ के बाद वहीं बैठती है. बेटों को फ़ोन किया. बोले, रहने दो, अम्मी ख़ुश है ना, खलास." त्यानं आत्मारामचा दंड धरला. "भाई, बंद मत करो. वो समझती है बहन वापस आ गई."

आत्माराम पायरीवर बसला. केबलचं रबर वाळून भेगाळलेलं त्यानं पाहिलं होतं. मोटर चाळीस दिवस तापत होती. आज ना उद्या छताआड आग लागली असती आणि खाली एक नऊ वर्षांचं पोर झोपत होतं. बंद तर करायलाच हवं होतं. प्रश्न इतकाच होता की गुपचूप करायचं की सांगून.

त्याला श्याऐंशी साल आठवलं. त्या वर्षी वडील मार्चमध्ये गेले आणि घरच्यांनी त्याला कळवलं नाही. परमुलखात एकटा आहे, कामावरून निघून येईल, म्हणून थोरल्या भावानं ठरवलं. अकरा महिने भाऊ वडिलांच्या शब्दांत पत्रं लिहीत राहिला. आंब्याला मोहर चांगला आहे, गुडघा जरा बरा आहे, तू पाठवलेलं मलम लावतो. आत्माराम ती पत्रं उशीखाली ठेवायचा. सुट्टीवर गेला तेव्हा बॅगेत वडिलांसाठी राखाडी स्वेटर होता, आणि पडवीत पाय टाकला तर समोर हार घातलेला फोटो. भावाचं त्याच्यावर प्रेम होतं, हे त्याला कळत होतं. पण त्या अकरा महिन्यांत आपण कोणाशी बोलत होतो, हे त्याला कधीच उलगडलं नाही. पुढे गावाहून पत्र आलं की तो आधी सही बघायचा.

"मैं बताऊँगा बीबी को," तो मुश्ताकला म्हणाला. "मेरी ज़बान समझती है."

खोलीत धूर विरळ झाला होता. भिंतीतून ब्लोअरचा आवाज इकडे फार हळू, पण स्पष्ट येत होता. जवळच कोणीतरी झोपलेलं असावं तसा. आत्माराम दारात उभा राहून म्हणाला, "खाला, मी एसीवाला. शेजारच्या घरातून आलोय."

म्हातारीनं आवाजाच्या दिशेनं तोंड फिरवलं. मराठी ऐकून तिला आश्चर्य वाटल्याचं दिसलं नाही. "कुठला तू?"

"कुडाळचा."

"म्हंजे खालचा, तळकोकनातला. बस, बाबा. मघाशी वर तू होतास?"

"हो."

"वाटला मला. तिचा श्वास असा नसतो. पन तुझ्यासंगती ती पन होती."

आत्माराम जमिनीवर बसला. ठरवल्याप्रमाणे त्यानं बोलायला सुरुवात केली. "खाला, तुम्हाला जो आवाज येतो ना, तो पंख्याचा आहे. एक जुनं मशीन बिघडलंय. तुमच्या बहिणीबद्दल तुम्हाला कोणी—"

"सुरैय्या मेली, ह्याच सांगनार ना?" ती शांतपणे म्हणाली. "मला कुनी फसवला नाय, बाबा. शेवटचा न्हाऊ मीच घातला तिला. ह्या हातांनी."

दारात मुश्ताक चपापला. इतके दिवस त्याचा समज वेगळा होता.

"मग तुम्ही बोलता कोणाशी?"

"तिच्याशी."

"पंखा सुरू झाला म्हणून तुम्हाला वाटलं असेल."

"उलटा बोलतोस." म्हातारीनं ओढणी सारखी केली. "पंखा मागून लागला. मी नमाजाला बसलेली. सलाम फिरवला आनि तिनं हाक मारली. बूबू. ती एकटीच मला बूबू म्हनायची. मी म्हटला, काय गो? तेव्हा पंखा लागला."

भिंतीपलीकडे आवाज चढला, अडला, उतरला. आत्मारामला मशीनबद्दल जे काही माहीत होतं ते सगळं त्यानं मनात एकदा फिरवून पाहिलं. त्यात या वाक्यासाठी जागा नव्हती.

"खाला, वायर जुनी झालीय. आग लागेल. तिकडे लहान मुलगी आहे. बंद करावाच लागेल."

"मग कर की. मी कुठे नको म्हनते? थंडी पडलीय, इतका वारा तिला सोसायचा नाय." मग हात वर करून, "थांब. सांगते तिला."

ती जाळीकडे वळली आणि आत्मारामला कळणार नाही इतक्या हळू काहीतरी बोलली. मग ऐकत बसली. तो वेळ फार मोठा होता असं आत्माराम सांगत असे, पण घड्याळात मिनिटही झालं नसेल. त्याला पट्ट्याच्या आवाजाशिवाय काही ऐकू आलं नाही. मुश्ताक मात्र दारातून दोन पावलं मागे सरकला.

"कर," झुबेदा म्हणाली.

त्या घराच्या डीबीत एका ब्रेकरवर पिवळा पडलेला कागद होता, त्यावर अरबीत काहीतरी लिहिलेलं. मुश्ताकनं वाचलं: सुरैय्या. आत्मारामनं तो खाली पाडला. भिंतीपलीकडचा आवाज उतरत गेला, उतरत गेला आणि संपला.

मग त्यानं लिमयांच्या छताआड जाऊन दोन्ही बाजूंनी केबल तोडून ओढून घेतली, काँटॅक्टर काढला, ब्लोअर पुन्हा साध्या लाइनवर जोडला. ते भोक बुजवू का, असं त्यानं प्रमिलाला विचारलं. ती थोडा विचार करून म्हणाली, "नको. राहू दे." जाळ्यांवरचे टॉवेल निश्चल लोंबत होते. ईश्वरी मैत्रिणीकडून घरी आली, हॉलच्या मध्यावर थांबली आणि म्हणाली, "व्हाय इज इट सो क्वायट?"

काँटॅक्टर आत्मारामनं दुकानात आणला. जळलेली कॉइल नवी तार गुंडाळून ठेवली तर कधी उपयोगी पडते, म्हणून तो खोलायला बसला. कॉइलला जळल्याचा डाग नव्हता. वासही नव्हता. त्यानं टोकांना वीज दिली. खाडकन पट्टी ओढली गेली, अशी घट्ट की बोटानं हलेना. दिवसभर त्यानं तो तसाच टेबलावर चालू ठेवला. एकदाही सुटला नाही. संध्याकाळी वीज काढली, पुन्हा दिली, वीस वेळा, पन्नास वेळा. प्रत्येक वेळी खाडकन.

मग चाळीस दिवस तो का सुटलेला होता? न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची वायर, सैल असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. टेस्टर फक्त फेज दाखवतो. न्यूट्रल नसला तरी पेटतो. म्हणून तर मीटर लावायचा असतो, आणि मीटर तेवढा लावायचा राहिला होता. केबल ओढून काढताना न्यूट्रलचा स्क्रू घट्ट होता की सैल, हे त्यानं आठवून पाहिलं. हाताला आठवत नव्हतं. आयुष्यभर ज्या हातांवर त्यानं भरवसा ठेवला, ते याच एका गोष्टीत गप्प राहिले. तो काँटॅक्टर त्यानं पुन्हा कुठल्या मशीनला लावला नाही आणि भंगारातही घातला नाही. एक दिवस खोराच्या काठी जाऊन पाण्यात टाकून आला.

त्या वर्षभर प्रमिला चारच्या सुमाराला शेजारी जाऊ लागली. कधी थालीपीठ घेऊन जायची, कधी नुसतीच. झुबेदा तिला बाणकोटच्या खाडीतल्या तिसऱ्या-शिंपल्यांबद्दल आणि लग्नात जहाजावरून झालेल्या वरातीबद्दल सांगायची. पुढच्या उन्हाळ्यात म्हातारी झोपेतच गेली. मुश्ताक मुलतानला परतला. लिमयांना दुबईत नोकरी मिळाली आणि ते अल मनखूलला एका बिल्डिंगमध्ये राहायला गेले.

दोन हजार एक साली लिमयांनी एसीच्या सर्व्हिसिंगसाठी आत्मारामला मुद्दाम उम्म अल कुवैनहून बोलावून घेतलं. आता त्याचे केस पांढरे झाले होते आणि डाव्या कानाला कमी ऐकू यायला लागलं होतं. फिल्टर धुऊन झाल्यावर प्रमिलानं चहा आणला. ईश्वरी आत अभ्यास करत होती. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या आणि प्रमिला म्हणाली, "धुरीभाऊ, त्या वेळी तुम्ही वरून घाबरून उतरलात, मग सगळं घाईतच झालं. विचारायचं राहिलंच. नक्की काय बिघडलं होतं हो त्यात?"

आत्मारामनं बशीत चहा ओतला.

"कॉइल जळली होती, वहिनी," तो म्हणाला. "जुनी झाली की जळते."

प्रमिलानं मान हलवली. तिचा चेहरा मोकळा झाला. आत्मारामनं चहा संपवला, टूल्सची बॅग खांद्याला लावली आणि बेडरूममधला दुसरा एसी बघायला आत गेला.